आधी फट बुजवा, मग एसीच्या कर्जाचं बघू



बेलपाडा मेट्रो स्टेशनातून पेंधरकडे जाणारी गाडी तुमच्यापैकी बऱ्याच जणी पकडता. १७ नोव्हेंबर २०२३ ला ही मेट्रो सुरू झाली, तेव्हापासून बाजाराला, कामाला जायची सोय झाली. पुढच्या वेळी गाडीत बसलात की जरा छताकडे बघा. लांबच लांब पट्टीसारखी जाळी दिसेल आणि त्यातून गार हवा खाली येताना लागेल. त्या जाळीच्या मागे हवा वाहून नेणारी पेटीसारखी वाट असते. तिला डक्ट म्हणतात. मॉलमध्ये, मोठ्या ऑफिसात, हॉस्पिटलात छताला पत्र्याच्या चौकोनी नळ्या दिसतात, त्याही डक्टच. सोप्या भाषेत सांगायचं तर डक्ट म्हणजे हवेचा पाट. पाण्याचा पाट कसा मोटारीपासून शेतापर्यंत जातो, तसा हा गार हवा मशीनपासून खोलीपर्यंत नेतो.

आता पाट मधेच फुटला तर काय होतं ते तुम्हाला मी सांगायची गरज नाही. मोटार चालू, बिल चालू, आणि पाणी दुसऱ्याच्या बांधात. अमेरिकेत घरोघरी असे डक्ट असतात, माळ्यावरून नाहीतर जमिनीखालून गेलेले. तिथल्या सरकारच्या एनर्जी स्टार नावाच्या कार्यक्रमाचं म्हणणं आहे की सर्वसाधारण घरात डक्टमधून जाणाऱ्या हवेपैकी २० ते ३० टक्के हवा फटींतून आणि सुटलेल्या जोडांतून वाया जाते. म्हणजे शंभर रुपयांची हवा गार केली, तर वीस-तीस रुपये माळ्यावरच्या उंदरांना. म्हणून तिकडे लोक नवीन मशीन घ्यायच्या आधी डक्टचे जोड बंद करून घेतात.

तुम्ही म्हणाल, आमच्या घरात कुठे आलाय डक्ट? खरं आहे. आपल्याकडे भिंतीवरचा एसी असतो, तो थेट खोलीतच हवा सोडतो. पण हवा गळते ती आपल्याकडेही गळते. फक्त डक्टमधून नाही, खोलीतूनच. दाराखालून, खिडकीच्या सरकत्या काचेतून, एसीच्या नळीसाठी पाडलेल्या भोकातून. आणि एक खराखुरा डक्ट आपल्या घरातही असतो, त्याच्याकडे मी नंतर येते.

हे सगळं आत्ता का लिहितेय? कारण उन्हाळा आला की गटांच्या मीटिंगमध्ये एसीसाठी कर्जाची मागणी यायला लागते. मी तिला फालतू मागणी मानत नाही, आधीच सांगते. घरात म्हातारी सासू आहे, तान्हं बाळ आहे, रात्रपाळी करून आलेला माणूस दिवसा पत्र्याखाली झोपतो, तिथे गारवा ही चैन नाही. १६ एप्रिल २०२३ ला आपल्याच खारघरच्या मैदानावरच्या कार्यक्रमात उष्माघातानं १४ जणांचा जीव गेला, ते आपण कुणी विसरलेलो नाही. आपल्याकडचा उन्हाळा विदर्भासारखा ४५ अंशांचा नसतो, पण हवेत पाणी इतकं की घाम वाळतच नाही. घाम वाळला नाही तर अंग गार होत नाही. म्हणून इथलं ३७-३८ अंशही जिवावर बेततं.

पण काही तायांचा अर्ज असतो दुसऱ्या, मोठ्या एसीसाठी. "एक टनाचा लावलाय, पन घरान गारवा रहतच नाय, दीड टनाचा पायजे." अशा घरी मी जेव्हा जाते तेव्हा बहुतेक वेळा एसी चांगला असतो. खोली गळकी असते. गळक्या घागरीला मोठा नळ लावून काय उपयोग?

गावठाणातली आपली घरं कशी वाढली ते आठवा. सिडकोनं जमिनी घेतल्या, भातशेती गेली, मग घराला घर जोडून खोल्या उठल्या, खोलीवर खोली चढली. कुणी गवंडी, कुणी नातेवाईक, जसा पैसा आला तसं बांधकाम. दार बसवताना खाली एक बोट जागा राहिली, ती राहिलीच. दारावर झरोक्याची सिमेंटची जाळी, ती आधीपासूनच. त्या खोल्या एसीसाठी बांधल्याच नव्हत्या. वारा खेळावा म्हणून बांधल्या होत्या, आणि ते योग्यच होतं. आता त्याच खोलीत एसी लावला, पण झरोका तसाच उघडा.

गार हवा जड असते. ती जमिनीवर पसरते आणि दाराखालून निघून जाते. जेवढी खालून जाते तेवढी बाहेरची गरम, दमट हवा वरच्या झरोक्यातून आत येते. आता तो एसी इन्व्हर्टरचा असेल तर दुकानदारानं सांगितलेलं असतं की हा वीज वाचवतो. वाचवतो, पण कधी? खोली गार झाली की तो आपोआप हळू चालतो म्हणून. खोली गार होतच नसेल तर तो हळू होणार कधी? रात्रभर पूर्ण जोरात पळत राहतो. साधा एसी असेल तर त्याचा कॉम्प्रेसर बंदच पडत नाही.

हिशोब करू. दीड टनाचा एसी पूर्ण जोरात चालताना ढोबळमानानं दीड हजार वॅट घेतो, म्हणजे तासाला दीड युनिट. समजा आठ तास अजिबात विसावा न घेता चालला, तर १२ युनिट. बंद खोलीत त्याला निम्मी उसंत मिळाली, तर ६. रोजचा फरक ६ युनिट, महिन्याचा १८०. हे आकडे समजण्यापुरते घेतलेत, प्रत्येकीच्या घरी वेगळे येतील. पण महावितरणच्या बिलात १०० युनिटनंतर एक दर, ३०० नंतर त्याहून चढा, ५०० नंतर आणखी चढा, हे तुमच्या बिलाच्या मागच्या बाजूला लिहिलेलं आहे. म्हणजे वरचे जे युनिट वाया जातात ते सगळ्यात महाग दराचे असतात. वाचवले तर तेच आधी वाचतात.

दमटपणाचं मात्र नीट समजून घ्या, कारण आपल्या भागात खरा खर्च तिथेच आहे. एसी दोन कामं करतो, हवा गार करतो आणि हवेतलं पाणी काढतो. ते पाणी बाहेरच्या बारीक नळीतून टपकतं, ज्यावरून शेजारणीशी भांडणं होतात ते पाणी. एक लिटर पाणी हवेतून काढायला एसीला साधारण ०.२ युनिट वीज लागते. एका रात्रीत १० लिटरची बादली भरली तर दोन युनिट नुसते पाणी काढण्यात गेले. झोपलेल्या माणसांच्या श्वासातून, घामातून थोडं पाणी येणारच. पण मध्यरात्र उलटली, खोली कधीची बंद आहे, तरी नळीतून धार चालूच आहे, तर समजा की बाहेरची दमट हवा कुठूनतरी आत येतेय. आणि हो, एसीच्या खोलीत ओले कपडे वाळत घालू नका. पावसाळ्यात मोह होतो, कळतं मला, पण ते पाणी एसी वीज खर्चून काढतो.

फट शोधायची कशी? दिवसा खोली पूर्ण बंद करा, दिवे बंद करा, पाच मिनिटं डोळे सरावू द्या. जिथून उजेड दिसतो तिथून हवाही जाते. पहिल्यांदा बघितलंत तर दाराच्या चारही बाजूंनी चौकट आखल्यासारखी दिसेल. जिथे उजेड येत नाही पण संशय आहे, उदाहरणार्थ एसीच्या नळीमागे, तिथे अगरबत्ती धरा. पंखा बंद ठेवा, पडदा आणि गॅस लांब ठेवा. धूर सरळ वर गेला तर ठीक. आडवा ओढला गेला किंवा आत ढकलला गेला, तर फट सापडली.

सगळ्यात मोठी फट दाराखाली. हार्डवेअरच्या दुकानात दाराखाली लावायची रबरी किंवा फोमची पट्टी मिळते. दाराची रुंदी मोजून न्या. ती नको असेल तर घरीच लोड शिवा. जुन्या जीन्सच्या पायाचा कपडा घ्या, दाराएवढा लांब, मनगटाएवढा जाड, आत स्वच्छ वाळलेली वाळू भरा, दोन्ही टोकं घट्ट शिवा. भुसा किंवा तूस भरायचा मोह टाळा, आपल्या हवेत त्याला दोन महिन्यांत वास आणि किडे. वाळूचा लोड जड असतो, जागचा हलत नाही. शिवणकाम करणाऱ्या गटांनी याचा विचार करावा असं मला वाटतं. खारघरच्या सोसायट्यांमध्येही अशी दारं आहेत आणि तिथल्या बायका पैसे देऊन घेतील. कापड चांगलं आणि शिलाई दुहेरी हवी, नाहीतर पहिल्याच आठवड्यात घरभर वाळू.

सरकत्या काचेच्या खिडकीला कडेनं बारीक केसांची ब्रशसारखी पट्टी असते. ती झिजते, गळून पडते, कुणाच्या लक्षातही येत नाही. खिडकीवाल्याकडे ती मीटरवर मिळते. दारा-खिडकीच्या चौकटीत चिकटवायची फोमची टेपही मिळते. फक्त लावण्याआधी जागा सुक्या फडक्यानं पुसा आणि पूर्ण वाळू द्या, नाहीतर ती उन्हाळाभरही टिकत नाही.

स्प्लिट एसीच्या नळीसाठी मेकॅनिक भिंतीला तीनेक इंचाचं भोक पाडतो. नळी घालतो, आतून पांढरी टोपी लावतो आणि पैसे घेऊन जातो. टोपीमागे भोक तसंच असतं. त्यातून हवा तर जातेच, झुरळं आणि पालीही येतात. ते बाहेरच्या बाजूनं आधी बुजवा, कारण पाऊस तिकडून येतो. नुसती वॉल पुट्टी बाहेर टिकत नाही, भिजली की सुटते. बाहेरून सिलिकॉन किंवा सिमेंट आणि आतून पुट्टी, असं करा. पाण्याची बारीक नळी त्यात चिरडली जात नाही ना, ते बघा. तिचा उतार बाहेरच्या बाजूलाच हवा. त्याच वेळी तांब्याच्या नळीवरचं काळं फोमचं वेष्टण बघा. उन्हानं ते कुरकुरीत होऊन गळून पडतं आणि मग ती गार नळी बाहेर उन्हाला थंड करत बसते. नवीन वेष्टण स्वस्त असतं.

खिडकीतला एसी असेल तर त्याच्या कडेनं प्लायवूड आणि भिंतीमधली जागा थर्माकोल कापून भरा, कडा सिलिकॉननं बंद करा. मात्र या एसीच्या बाहेर राहणाऱ्या भागाला दोन्ही बाजूंनी जाळ्या असतात. त्या झाकायच्या नाहीत, तिथूनच तो श्वास घेतो.

वरच्या झरोक्याला कायमचं सिमेंट भरू नका. प्लायवूडचं किंवा जाड पुठ्ठ्याचं झाकण बसवा, खिट्टी लावा. एसी चालू तेव्हा बंद, सकाळी उघडा. चार-पाच माणसं एका बंद खोलीत रात्रभर झोपली की पहाटे डोकं जड होतं, ते शिळ्या हवेमुळेच. उठल्या उठल्या दार-खिडकी-झरोका सगळं अर्धा तास सताड उघडं.

पत्र्याच्या खोलीची गोष्ट वेगळी, आणि इथे मी कुणाची फसवणूक करणार नाही. पत्रा तापला की तो खाली उष्णता फेकतो, तव्यासमोर उभं राहिल्यासारखी. तिथे फटी बुजवून फारसं काही होत नाही. उलट पत्र्याच्या नागमोडीखालच्या ज्या फटी आहेत त्यातून कोंडलेली गरम हवा बाहेर जाते, त्या एसी नसेल तर राहू द्या. तिथे आधी पत्र्याचाच बंदोबस्त हवा. अहमदाबादला महिला हाऊसिंग ट्रस्ट ही सेवा परिवारातली संस्था वस्त्यांमधल्या बायकांबरोबर छतांना पांढरा, ऊन परतवणारा रंग देण्याचं काम करते. अशा रंगानं घरातलं तापमान दोन ते पाच अंशांनी उतरू शकतं. आपल्याकडे चार महिने पाऊस झोडपतो, म्हणून साधा चुना इथे टिकत नाही. बाहेरच्या छतासाठीचा वॉटरप्रूफ पांढरा रंगच घ्यावा लागतो आणि पाऊस पूर्ण थांबून पत्रा वाळल्यावर द्यावा लागतो. ज्यांनी स्लॅबवर पावसासाठी पत्र्याची शेड टाकलीय, त्यांना एक सांगणं. शेडच्या बाजू उघड्या ठेवा. तिथून वारा गेला तर ती शेड स्लॅबला सावली देते. बाजू बंद करून सामानाची खोली केलीत, की खालच्या घरावर भट्टी ठेवल्यासारखं.

कूलर वापरणाऱ्यांसाठी नियम अगदी उलटा. कूलर हवेत पाणी टाकतो, म्हणून त्याच्यासमोरची खिडकी उघडीच हवी. बंद खोलीत कूलर म्हणजे न्हाणीघर. खरं सांगायचं तर आपल्या दमट हवेत कूलरचा फायदा थोडाच आहे.

ज्यांच्याकडे एसी नाही, त्यांच्याकडे फ्रिज तर असेलच. तो चोवीस तास चालतो. दाराच्या रबरात दहाची नोट अडकवा, दार लावा आणि ओढा. सहज सुटून आली तर तिथे फट आहे. चारही बाजूंनी बघा. पुष्कळदा रबर खराब नसतं, खरकट्यानं चिकट झालेलं असतं. कोमट साबणाच्या पाण्यानं पुसलं की परत धरतं.

आता तो आपल्या घरातला खराखुरा डक्ट. ज्या घरात स्वयंपाकघराची चिमणी बसवलीय, तिच्यामागे अॅल्युमिनियमची सुरकुतलेली नळी असते. तोच डक्ट. तो कंपनीचा माणूस बसवून जातो आणि पुढे माळ्यावरच्या सामानामागे तो कधी दिसतच नाही. फोडणीचा धूर डोळ्यांत येतोय, चिमणीचा आवाज मोठा आणि ओढ कमी, माळ्यावरच्या डब्यांना चिकट थर, यातलं काही असेल तर माळा रिकामा करून ती नळी बघा. चिमणीशी जोडलेल्या ठिकाणी आणि भिंतीतून बाहेर पडते त्या ठिकाणी जोड सुटलेला असतो. मग तेलकट धूर बाहेर न जाता माळ्यावर साचतो. घाण होते ती होतेच, पण आगीचंही भय आहे. तेलाचा थर पेट घेतो.

जोडाला आधी पत्र्याचा क्लॅम्प घट्ट आवळा, मग चकचकीत अॅल्युमिनियम फॉइलची टेप गुंडाळा. खाकी पॅकिंग टेप किंवा कापडी टेप चालत नाही. गंमत बघा, इंग्रजीत ज्या टेपचं नावच डक्ट टेप आहे, तिची १९९८ च्या सुमारास अमेरिकेतल्या लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेत परीक्षा घेतली, तर डक्टचे जोड बंद ठेवण्याच्या कामात तीच नापास झाली. उष्णतेनं तिचा गोंद सुकतो. नावावर जाऊ नका, दुकानात फॉइलची टेप मागा. नळी जितकी आखूड आणि सरळ तितकी ओढ चांगली. बाहेरच्या टोकाला वाऱ्यानं बंद होणारं झाकण असावं, म्हणजे पावसाचं पाणी आणि पाखरं आत येत नाहीत. गावठाणात घरं एकमेकांना टेकून आहेत, तेव्हा ते टोक शेजारणीच्या खिडकीसमोर सोडू नका. कशाला उगाच वर्षाचं भांडण.

इथपर्यंत बुजवायचं सांगितलं. आता जे बुजवायचं नाही ते सांगते, आणि हा भाग घरातल्या पुरुषांनाही वाचून दाखवा. आपल्या खाडीकडच्या जुन्या माणसांना खारबंदिस्ती माहीत आहे. बांधाला खेकड्यानं बीळ पाडलं तर ते तातडीनं बुजवायचं, नाहीतर खारं पाणी शेतात. पण उघाडी? ती कुणी बुजवत नाही. ओहोटीला तिच्यातूनच शेतातलं पाणी बाहेर जातं. घरातही काही भोकं बिळं असतात आणि काही उघाड्या.

जिथे काही जळतं, तिथली हवेची वाट म्हणजे उघाडी. सगळ्यात आधी न्हाणीघरातला गॅस गिझर. बंद बाथरूममध्ये गॅस जळला की हवा कमी पडते आणि कार्बन मोनॉक्साइड नावाचा वायू तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. तो रक्तात प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून जास्त घट्ट चिकटतो, त्यामुळे श्वास चालू असतानाच शरीर गुदमरतं. डोकं दुखतं, गरगरतं, मळमळतं, पाय लुळे पडतात, आणि कडी उघडायचंही सुधरत नाही. दर हिवाळ्यात महाराष्ट्रात अशा बातम्या येतात आणि त्यात बहुतेक वेळा तरुण बाया नाहीतर मुलं असतात. गॅस गिझर बाथरूमच्या बाहेर, मोकळ्या हवेत लावायचा, आत फक्त पाण्याची नळी आणायची. ज्यांच्याकडे तो आतच आहे त्यांनी तो बाहेर काढेपर्यंत एवढं तरी करा. आधी बादली भरून घ्या, गिझर बंद करा, दार उघडं ठेवून हवा जाऊ द्या, मगच आंघोळीला जा. बाथरूमच्या दाराला खालून पट्टी आणि वरच्या जाळीला पुठ्ठा कधीही लावायचा नाही.

स्वयंपाकघराचंही तसंच. आपला घरगुती गॅस हवेपेक्षा जड असतो, गळला तर जमिनीवर साचतो. म्हणून सिलिंडर आत असेल तर स्वयंपाकघराच्या बाहेरच्या दाराखालची फट राहू द्या, आणि ओट्याखालचं कपाट असेल तर त्याला खाली भोकं हवीतच. वास आला तर स्विचला हात लावायचा नाही, ना चालू ना बंद, रेग्युलेटर बंद करायचा, दारं उघडायची, बाहेर यायचं आणि मग १९०६ ला फोन करायचा. हा गॅसगळतीसाठीचा नंबर आहे. गॅसजवळच्या भिंतीवर तो लिहून ठेवा.

स्वयंपाकघर आणि झोपायची जागा एकच आहे अशा एका खोलीच्या घरात एसी लावलाय? स्वयंपाक चालू असताना एसी बंद, दार-खिडकी उघडी. स्वयंपाक झाल्यावर अर्ध्या तासानं बंद करा. गैरसोय आहे, पण दुसरा मार्ग नाही. कोळशाची शेगडी बाळंतिणीच्या खोलीत ठेवून दार लावून घेण्याची आपली जुनी पद्धत तर पूर्ण सोडा. झरोके उघडे असायचे तेव्हा ती खपून गेली, आता सगळं बंद असतं.

आणि मच्छरची कॉइल. पुण्याच्या चेस्ट रिसर्च फाउंडेशनमध्ये असताना डॉ. संदीप साळवी यांनी सांगितलं होतं की बंद खोलीत एक कॉइल जाळणं म्हणजे जवळपास शंभर सिगारेटींइतका धूर. फट बुजवून घट्ट केलेल्या खोलीत कॉइल लावून मुलांना झोपवायचं नाही. मच्छरदाणी लावा. फटी बुजवल्यानं मच्छरही कमी येतात, हा वेगळा फायदा.

खर्च कुणी करायचा, हा प्रश्न बेलपाड्यात टाळता येणार नाही. आपल्या गटांत खोल्यांच्या मालकिणीही आहेत आणि भाडेकरूही. मालकीण म्हणते, बिल ती भरते, मग दाराला पट्टी मी कशाला लावू? भाडेकरू म्हणते, घर माझं नाही, अकरा महिन्यांनी निघायचं, मी खर्च का करू? दोघींचंही त्यांच्या जागी बरोबर आहे आणि त्या भांडणात फट तशीच राहते. माझं मत विचाराल तर जे भिंतीला कायमचं लागतं, नळीचं भोक, खिडकीची पट्टी, झरोक्याचं झाकण, ते मालकिणीनं करावं. जे उचलून नेता येतं, म्हणजे दाराचा लोड, फ्रिजचं रबर, ते भाडेकरूनं. गिझर बाहेर काढायचा खर्च मात्र पूर्ण मालकिणीचा, त्यात वाटाघाटी नको. काही मालकिणी भाडेकरूकडून सबमीटरवर युनिटप्रमाणे पैसे घेतात. अशा ठिकाणी दर आधी लिहून द्या, म्हणजे वाचलेले युनिट कुणाचे यावरून पुन्हा वाद नको.

हे सगळं करून झाल्यावर एसी २४ वर ठेवा. १ जानेवारी २०२० पासून स्टार लेबलचे नवे एसी चालू केल्यावर आपोआप २४ वरच येतात, तो सरकारी नियम आहे. १८ वर ठेवल्यानं खोली लवकर गार होत नाही, एसी तेवढाच जोर लावतो, फक्त थांबत नाही. एक अंश वर नेला की साधारण ६ टक्के वीज वाचते, असं ऊर्जा कार्यक्षमता ब्युरो सांगतो. बंद खोलीत पंखा एकवर ठेवून २६ वरही झोप लागते, करून बघा. एसीची धुळीची जाळी दर पंधरा दिवसांनी नळाखाली धुवा, त्याला मेकॅनिक लागत नाही.

फरक पडला की नाही हे माझ्या सांगण्यावर ठेवू नका. मीटर बघा. काही बुजवायच्या आधी तीन रात्री झोपताना आणि उठल्यावर मीटरचा आकडा लिहा. बुजवल्यावर पुन्हा तीन रात्री लिहा. एसी तेवढ्याच अंशावर, तेवढेच तास, घरात माणसं तेवढीच. पाहुणे आलेली रात्र धरू नका. आकडे गटाच्या वहीच्या मागच्या पानावर लिहिले तरी चालतील. ज्या तायांनी मोठ्या एसीसाठी अर्ज दिलाय त्यांनी हे आकडे घेऊन पुढच्या मीटिंगला यावं. मीटरवरचा दशांशाचा लाल आकडा सोडून द्या, त्याच्या डावीकडचेच वाचा. आणि मीटर जिन्याखाली अंधारात असेल तर बॅटरी घेऊन जा, ओल्या हातानं नको.